समजलं, पण आलं नाही

मी भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी कोनीय संवेगाचा, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूत साठलेल्या गतीचा, धडा आला की मी एक गोल फिरणारी खुर्ची ढकलत वर्गात आणते. एखाद्या धीट मुलाला तिच्यावर बसवायचं, दोन्ही हातांत एकेक डंबेल द्यायचं, हात पसरायला लावून खुर्चीला गिरकी द्यायची आणि मग म्हणायचं, "आता हात छातीशी घे." खुर्ची एकदम सुसाट. वर्ग खिदळतो, बसलेल्याचे डोळे मोठे होतात, मी फळ्यावर समीकरण लिहिते आणि मागे वळून विचारते, "समजलं?" सगळे म्हणतात, समजलं. सतरा वर्षांत हा प्रयोग एकदाही फसलेला नाही.

सतराव्या वर्षी, म्हणजे माझ्या वयाच्या एक्केचाळिसाव्या, मी बॅलेच्या वर्गात नाव घातलं. एका पायावर उभं राहून स्वतःभोवती एक फेरी मारायला, एकच, मला अडीच वर्षं लागली.

का, असं ज्याने त्याने विचारलं. या प्रश्नाचं लोकांना एक ठरलेलं उत्तर हवं असतं: लहानपणी इच्छा होती, राहून गेली, आता पुरी करतेय. माझ्याकडे ते नाही. मी नाचणारी मुलगी नव्हतेच. शाळेच्या कार्यक्रमात मी पडदा ओढायला असायचे आणि ते काम मला आवडायचं. खरं कारण सांगितलं की समोरच्याचा हिरमोड होतो. मान आखडायची, खांदे पुढे आले होते, व्यायामशाळेत जांभया यायच्या, आणि एक दिवस 'प्रौढांसाठी, पूर्वानुभव नको' अशी पाटी दिसली. पूर्वानुभव नको ही एकच अट मी पूर्ण करत होते.

वर्गात आम्ही नऊजण. शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची. आम्हाला हाक काय मारायची, हा पेच पहिल्याच दिवशी तिच्यापुढे पडला. मला ताई, साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांना काका, एका दाढीवाल्या पोराला नुसतं नावाने, असं तिने जमवलं. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणतो, काकासुद्धा. ताई म्हणणारी मुलगी रागावून किती रागावणार, असं मला वाटलं होतं. 'अहो ताई, गुडघा!' यातल्या 'अहो'ला केवढी धार असू शकते ते मला महिन्याभरात कळलं.

बॅले म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं ते, सॅटिनचे, फिती गुंडाळलेले, अंगठ्याच्या टोकावर उभं करणारे बूट, ते आमच्या वर्गात नाहीत. त्यांना पॉइंट शूज म्हणतात. पुढच्या टोकाला कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेली डबी असते, तळव्याखाली ताठ पट्टी असते, आणि घोटा नि पाऊल नीट तयार झाल्याशिवाय त्यांत पाय घालायचा नसतो. (मारी तालिओनी १८३२ मध्ये पायाच्या टोकावर अख्खी भूमिका नाचली ती तर अशा डबीशिवाय, साध्या सॅटिनच्या जोड्याचं टोक रफू करून. त्या पावलांचा विचार मी फार वेळ करत नाही.) आमच्यातल्या एकीला ते बूट हवे आहेत आणि चिकाटी बघता तिला ते मिळतीलही. माझे म्हणजे कॅनव्हासचे मऊ जोडे, मोज्यासारखे पायाला चिकटलेले. त्यांचं इलॅस्टिक आपलं आपणच शिवायचं असतं. मी ते इतकं पक्कं शिवलं की कडेच्या नेफ्यातली नाडीसुद्धा त्यात शिवली गेली आणि जोडा आवळता येईना. उसवून पुन्हा शिवलं. वर्गात जाण्याआधीच पहिला धडा दोनदा झाला.

सुरुवात बारपाशी होते. बार म्हणजे कमरेच्या जरा वर भिंतीला लावलेला लाकडी दांडा. तो धरायचा नसतो, त्यावर हात ठेवायचा असतो. मी पहिले काही महिने तो धावत्या बसमधल्या दांड्यासारखा गच्च पकडायचे. पहिला प्रकार प्लिए. टाचा जुळवायच्या, पावलं बाहेरच्या बाजूला वळवायची, पाठ उभी ठेवून गुडघे पावलांच्या रेषेत वाकवायचे, पुन्हा सरळ करायचे. संपलं. दिसायला इतकं साधं की मी मनात म्हटलं, हे मला येतंय. मग मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, खाली जाताना तुम्ही बसताय. बसायचं नाही. खाली जातानाही वरच जायचं."

हे वाक्य मी शिक्षक म्हणून वर्गात उच्चारलं असतं तर मुलांनी मला सोडलं नसतं.

पुढे कळलं की जगातला कुठलाही नर्तक, कितीही नावाजलेला, रोज सकाळी वर्गात शिरला की बारपाशी जातो आणि हेच करतो. वीस वर्षं रंगमंच गाजवलेली बाईसुद्धा दिवसाची सुरुवात मी केली तिथूनच करते. माझ्या विषयात असं नसतं. संशोधक रोज सकाळी न्यूटनचा पहिला नियम म्हणून मग कामाला लागत नाही. एकदा समजला की समजला, त्याच्यावर उभं राहून पुढचं गाठायचं. इथे मात्र प्लिए कुणाचाच 'होऊन' जात नाही. प्लिएनंतर तांद्यू, मग देगाजे, रों द जांब, फ्रापे, शेवटी पाय उंच फेकायचा ग्रां बातमां. आणि प्रत्येक प्रकार उजव्या पायाने झाला की वळून बारला दुसरा हात लावायचा आणि तोच प्रकार डाव्या पायाने. यात कुणाला सवलत नाही. उजवीकडे जमलं म्हणून डोळ्यांत पाणी यायच्या बेतात असावं आणि मॅडमनी म्हणावं, "दुसरी बाजू." डावीकडे आपण पुन्हा पहिल्या दिवसाच्या वर्गात असतो.

नावं सगळी फ्रेंच, जगभर. अर्थ कळल्याशिवाय मला शब्द गिळता येत नाही, म्हणून एका रात्री बसून एकेकाचा अर्थ शोधला. प्लिए म्हणजे वाकवलेलं. तांद्यू, ताणलेलं. फोंद्यू, वितळलेलं. फ्रापे, आपटलेलं. देगाजे, सोडवलेलं. देव्हलोपे, उलगडलेलं. घोट्याजवळच्या ज्या जागी दुसरं पाऊल टेकवतात तिला म्हणतात 'पावलाची मान', आणि एका उडीचं नाव आहे 'मांजराचं पाऊल'. ही शेवटची दोन सोडली तर यादीकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की यात आज्ञा एकही नाही. वाक, ताण, उलगड असं कुणी म्हणतच नाही. शब्द सगळे क्रिया होऊन गेल्यानंतरचे. ताणलेलं. वितळलेलं. आणि वितळायचं कसं, त्याबद्दल शब्द गप्प.

तिथेच माझी गोची झाली. आयुष्यभर मी समजण्याच्या जोरावर तरून गेले आहे. सूचना वाचायची, तिचं कारण शोधायचं, कारण कळलं की काम होतंच. चाळिशीपर्यंत माणूस अशा गोष्टींपाशी येऊन राहतो ज्या त्याला जमतात. न जमणाऱ्या गोष्टी त्याने कधीच गुपचूप कडेला सरकवलेल्या असतात. वर्गात मॅडम एखादी जोडणी दाखवायच्या, चार तांद्यू पुढे, चार बाजूला, मग प्लिए, मग चवड्यांवर, आणि ती मला ऐकताक्षणी समजायची. शेजारच्या काकांना मी समजावूनही द्यायचे. संगीत सुरू झालं की काका बरोबर आणि मी उलट्या पायावर.

मराठीत आपण म्हणतो, मला पोहता येतं, सायकल येते, गाणं येतं. 'मी' या वाक्यांत कर्त्याच्या जागी नसतेच. येणारं ते असतं, मी फक्त ज्याच्याकडे यायचं तो पत्ता. 'मला पोहणं समजतं' असं काठावर उभा राहून बोलणारा माणूसच म्हणेल. हे इतकी वर्षं मी बोलत होते आणि माझ्या कानांवर पडत नव्हतं.

आरशाबद्दल लोक वेगळंच समजतात. त्यांना वाटतं, घट्ट कपड्यांत भल्यामोठ्या आरशासमोर उभं राहायचं म्हणजे लाज वाटत असेल. पहिले दोन आठवडे वाटली. मग लाजायला वेळ उरत नाही, कारण आरसा भलत्याच बातम्या द्यायला लागतो. माझा गुडघा सरळ आहे हे मला आतून शंभर टक्के जाणवत असतं. आरशात तो वाकलेला. खांदे समपातळीत आहेत अशी माझी खात्री. आरशात डावा खांदा कानाला भेटायला निघालेला. एक्केचाळीस वर्षं ज्या देहात मी राहत होते त्याच्याबद्दलची माझी बरीचशी माहिती ऐकीव होती. उपकरणात दोष असला की आम्ही प्रयोगशाळेत त्याची शून्यत्रुटी मोजतो आणि प्रत्येक मोजमापातून ती वजा करतो. माझ्या डाव्या खांद्याची शून्यत्रुटी सुमारे दीड इंच आहे.

याच खात्रीपायी एकदा गुडघा दुखावून घेतला. बॅलेत पाय खुब्यापासून बाहेर वळलेले असतात, त्याला टर्नआउट म्हणतात. छायाचित्रांतल्या नर्तकांची पावलं एका सरळ रेषेत, १८० अंशांत दिसतात, म्हणून मी घरी तशी ठेवून बघितली. पावलं गेली. मला फार आनंद झाला. रोज रात्री दहा मिनिटं मी तशी उभी राहायला लागले. तिसऱ्या आठवड्यात जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली ती राहिलीच. मॅडमनी पावलं कशी ठेवते ते दाखवायला सांगितलं आणि बघून डोळे मिटले. पाय कुठवर वळणार हे मुख्यतः खुब्याचा सांधा ठरवतो: त्याची खोबण किती खोल, तिचं तोंड कुठल्या दिशेला, मांडीच्या हाडाची मान किती पिळलेली. वाढ पुरी झाल्यावर ही हाडं कुणाच्या विनंतीवरून बदलत नाहीत. खुब्याने नाही म्हटलं की आपण पावलांच्या घर्षणाने जमिनीला धरून पाय पिळतो, आणि तो पीळ गुडघ्याला पोचतो. गुडघा बिजागरी आहे, त्याला वाकायचं असतं, पिळायचं नसतं. हे सगळं मला कोणी विचारलं असतं तर मी आकृती काढून दाखवलं असतं. सहा आठवडे मी खुर्चीवर बसून वर्ग बघितला. परतल्यावर माझी पावलं ११० अंशांत उभी राहिली आणि तेव्हापासून तिथेच आहेत.

बसून वर्ग बघणं मात्र फुकट गेलं नाही. त्या सहा आठवड्यांत मला आवाज ऐकू यायला लागले. तांद्यूमध्ये तळवा जमिनीवरून घसरत पुढे जातो आणि बोटांच्या टोकाशी ताणला जातो. आठ जोड्यांचा तो 'सस्स' एकदम ऐकला की कळतं कोण जमिनीला खरंच चिकटून जातंय आणि कोण वरच्या वर पाय काढतंय. उड्यांमध्ये काका धप्पकन पडतात, दाढीवाला पोरगा पडल्याचा आवाजच येत नाही. आणि मॅडमचं मोजणं. पाच, सहा, सात, आठ म्हटल्यावर त्या एकच्या आधी एक 'अँड' म्हणतात, किंचित ओढून. मी इतके दिवस 'एक'ला सुरुवात करत होते. सगळं घडतं ते त्या 'अँड'मध्ये: गुडघे वाकतात, श्वास घेतला जातो, हात उचलायला निघतात. 'एक' म्हणेपर्यंत पोचायचं असतं.

वयाचा विषय निघतोच. आमच्या वर्गात नाही, बाहेर. बॅले आठव्या-नवव्या वर्षी सुरू करायचं असतं, सतराव्या वर्षी उशीर झालेला असतो, असं मला एका लग्नाळू मुलाने ऐकवलं, ज्याने स्वतः काहीच सुरू केलेलं नाही. त्याला मी जगप्रसिद्ध बॅले-नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह सांगितला: १९५५ मध्ये लेनिनग्राडच्या नृत्यशाळेत दाखल झाला तेव्हा तो सतराचाच होता. पण हे उत्तर खरं तर मला लागू पडत नाही, नुरेयेव्ह लहानपणापासून लोकनृत्यं नाचलेला होता आणि शिवाय तो नुरेयेव्ह होता. मला ब्रिटनची बॅले-नर्तिका मार्गो फाँटेन जास्त जवळची वाटते. १९६२ मध्ये नुरेयेव्हबरोबर ती पहिल्यांदा नाचली तेव्हा ती बेचाळिशीत होती, लोक तिच्या निवृत्तीची वाट बघत होते, आणि तिथून तिचा दुसरा डाव सुरू झाला. तीही मला लागू पडत नाहीच म्हणा. लागू पडण्यासारखी बाई एकच, झेल्डा फिट्झजेराल्ड, अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डची बायको. सत्ताविसाव्या वर्षी तिने बॅले जिद्दीने हाती घेतलं, पॅरिसमध्ये ल्युबोव्ह एगोरोव्हांकडे दिवसाचे कित्येक तास घाम गाळला. इटलीतल्या एका नृत्यसंघाने तिला बोलावणंही पाठवलं होतं. १९३० मध्ये तिची मानसिक प्रकृती ढासळली आणि ते तिथेच थांबलं. नाचामुळे ढासळली म्हणणं मला पटत नाही. तिच्या आयुष्यात ढासळायला पुष्कळ कारणं होती. पण तिला नर्तिका व्हायचं होतं, तेही लवकर, आणि तिच्याबद्दल वाचताना ते 'व्हायचं' मला फार दमवतं. मला काहीच व्हायचं नाहीये. आमच्या वर्गाला परीक्षा नाही, कार्यक्रम नाही. मंगळवार आहे आणि गुरुवार आहे.

आणि इतिहास बघायचाच तर आणखी मागे बघावा. १६५३ मध्ये फ्रान्सच्या दरबारात रात्रभर चाललेल्या एका बॅलेत चौदाव्या लुईने उगवत्या सूर्याचं सोंग घेतलं होतं. राजा तेव्हा चौदा वर्षांचा, आणि त्याच्या अवतीभवती धंदेवाईक नर्तकांबरोबर त्याचे दरबारीही नाचत होते. मोठी, हौशी माणसं. १६६१ मध्ये त्याने नृत्याची अकादमी काढली. पायांच्या ज्या पाच स्थिती आम्ही आजही घोटतो त्या त्याचा नृत्यगुरू पिएर बोशां याच्या नावावर आहेत. पॅरिस ऑपेराची शाळा आली ती १७१३ मध्ये. म्हणजे लहान मुलं निवडून घडवण्याच्या आधी हा नाच दिवसभराची कामं असलेल्या माणसांच्या अंगात होता. काकांना हे सांगितल्यापासून ते बारपाशी जरा राजेशाही उभे राहतात.

आता गिरकी. तिला पिरूएत म्हणतात. तयारी चौथ्या स्थितीतून: एक पाऊल पुढे, एक मागे, मध्ये पाऊलभर अंतर, गुडघे वाकलेले, एक हात समोर गोल, दुसरा बाजूला. तिथून मागचा पाय उचलून त्याची बोटं दुसऱ्या पायाच्या गुडघ्याशी आणायची, उभ्या पायाची टाच उचलून चवड्यावर जायचं, हात छातीसमोर मिटायचे आणि फिरायचं. बघणाऱ्याला हे सगळं एका झटक्यात झालेलं दिसतं.

यातलं प्रत्येक 'का' मला ठाऊक होतं. दोन पावलं जमिनीला विरुद्ध दिशांना ढकलतात, जमीन त्यांना उलट ढकलते, त्यातून फिरवणारा टॉर्क मिळतो. पावलांत अंतर जास्त तर टॉर्क जास्त. मागचं पाऊल उचललं की मिळकत जवळजवळ बंद, पुढे नुसता खर्च, चवड्याखालच्या घर्षणात. हात मिटले की वेग वाढतो. ती माझीच खुर्ची. फुएते नावाच्या त्या प्रसिद्ध गिरक्यांचं गणितही मला येतं. १८९५ मध्ये 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने त्या लागोपाठ ३२ घेतल्या आणि पुढच्या पिढ्यांच्या मानेवर तो आकडा बसवून ठेवला. त्यात प्रत्येक फेरीला अंग क्षणभर प्रेक्षकांसमोर थबकतं, टाच टेकते, पण हवेतला पाय फिरतच असतो. संवेग तेवढा वेळ त्या पायात ठेवलेला असतो, आणि पाय आत घेतला की तो अंगाला परत मिळतो. फार देखणी युक्ती आहे. मी फळ्यावर ती रंगीत खडूंनी काढते.

आणि मी कलंडत होते. पाऊण फेरी झाली की उजवीकडे. कधी अर्ध्यातच. मी जोर वाढवला, पावलांतलं अंतर वाढवलं, हात वेगाने मिटले. कलंडण्याचा वेग वाढला. एकदा मी मॅडमना म्हटलं की इथली जमीन घसरडी आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण काका हळूच म्हणाले, "नाचता येईना..." पुढचं म्हणायची त्यांना गरज पडली नाही. (काकांना मी नंतर सांगितलं की युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांचे रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला उतरते असतात, पॅरिसच्या पाले गार्निएचा आजही आहे. तिथे अंगण खरंच वाकडं असतं आणि त्यांना नाचताही येतं. म्हण कुणाच्याच बाजूने राहिली नाही.)

"ताई, तुम्ही फार फिरताय," मॅडम म्हणाल्या.

"फिरायचंच आहे ना?"

"नाही. उभं राहायचंय. फिरणं होतं त्याचं त्याचं."

मग त्यांनी मला फिरायची बंदी केली. चार महिने. वाकलेल्या गुडघ्यांतून एका चवड्यावर वर, दुसरा पाय गुडघ्याशी, हात गोल, आणि थांबायचं. बस्स, थांबायचं. मी अर्धा सेकंद थांबायचे. या शिक्षेचं गणित मी त्याच रात्री घरी मांडलं आणि मला ते आधी न सुचल्याचा राग आला. चवड्यावर उभं असताना पायाखाली जेमतेम काही चौरस सेंटिमीटर जागा असते आणि अंगाचा गुरुत्वमध्य बरोबर तिच्या डोक्यावर असावा लागतो. निघतानाच तिरपे असलात तर तिरपेच फिरता, आणि जितका जोर लावाल तितके निघतानाच तिरपे होता. मी गिरकीत पडत नव्हते. मी पडायला सुरुवात करून मग फिरत होते. समजलं. लख्ख समजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा सेकंद.

थांबणं जरा लांबलं तसं मॅडमनी डोकं शिकवायला घेतलं. गिरकीत डोकं अंगाबरोबर फिरत नाही. नजर समोरच्या एका खुणेवर रोवायची, अंग वळायला लागलं तरी चेहरा तिथेच ठेवायचा, मानेची हद्द संपली की डोकं झटक्यात फिरवून पुन्हा त्याच खुणेवर. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो, डोकं सलग फिरत राहिलं की तोही फिरायला लागतो आणि आपण थांबलो तरी तो थांबत नाही. भोवळ ती हीच. डोकं थांबत थांबत फिरलं तर त्याला तशी सलग गती मिळत नाही, आणि डोळ्यांना फेरीतला बराचसा वेळ एक स्थिर भिंत मिळते. मॅडमनी भिंतीवर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. मी दोन्ही पावलांवर, टुकुटुकु, भिंतीला चिकटलेल्या त्या तुकड्याकडे डोळे लावून जागच्या जागी वळत राहायचे. मधल्या सुट्टीत रिकाम्या प्रयोगशाळेतही सराव चालायचा, तिथे खूण म्हणजे चुंबकांच्या कपाटाचं कुलूप. एका मुलीने दारातून बराच वेळ हे बघितलं आणि आदबीने विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?"

त्याच वर्षी एका मुलाने वर्गात हात वर केला आणि म्हणाला, "समजलं मॅडम, पण गणित येत नाहीये." सतरा वर्षं या वाक्याला माझं एकच उत्तर होतं: मग समजलेलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. मी त्याला अजून सहा गणितं दिली आणि पहिल्या तीनांत उत्तर चुकलं तरी चालेल म्हटलं. तो जरा संशयाने बघत जागेवर गेला.

गिरकी एका गुरुवारी आली. काही विशेष घडलं नव्हतं. पाऊसही नव्हता, मन शांतही नव्हतं, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पिशवीत होता. गेले, फिरले, आणि निळा तुकडा परत समोर. टाच टेकली तेव्हा दोन्ही पावलं जिथे असायला हवी तिथे होती. मी तशीच उभी राहिले आणि लगेच, सवयीने, काय केलं ते आठवायला लागले. काहीच आठवेना. पुढच्या चारही वेळा मी कलंडले. माझ्या विषयात एकदा घडलेल्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत, तेव्हा मी वहीत नोंद ठेवायला लागले: वीसात एक. वीसात एक. वीसात शून्य, शून्य, तीन. मग सात. पाचाच्या पुढे आकडा गेला तेव्हाही काय बदललं ते मला सांगता आलं नसतं. पोटात कुठेतरी खालच्या बाजूला काहीतरी आधीच जमा होतं, 'अँड'लाच, एवढंच. त्याला फ्रेंचमध्येही नाव नाही.

परवा मी सलग चार घेतल्या. एकेकच, पण चारही उभ्या. संगीत संपलं, काकांनी टाळी वाजवली, दाढीवाल्या पोराने भुवया उडवल्या. मॅडम हाताची घडी घालून माझ्या पायांकडे बघत होत्या.

"आली की, ताई."

"आली," मी म्हटलं. घसा जरा भरून आला होता.

"छान. दुसरी बाजू."